बिनआळाची अटक

"उठा हो उठा, घराला कुलूप घाला,
सरकारचा हुकूम दारात आला.
चुलीनं धूर चोरला, जात्यानं पीठ,
जबानी द्या नीट.
मांजरीनं साय पळवली, कोंबडीनं दाणा,
दोघींना बांधून ठाण्यात आणा.
आन् मालकीणबाई, तुमचा गुन्हा सगळ्यात मोठा,
दारी आला बहुरूपी आन् भाकरीला तोटा!"

हा आवाज माझ्या आबांचा. गावाच्या वेशीपाशी तो उठायचा, गल्लीगल्लीतून वळत, वाटेतल्या लिंबाशी घटकाभर टेकत शेवटच्या दारापर्यंत पोचायचा. इतकी वर्षं झाली, अजून सकाळी कुठे कडी वाजली की माझ्या कानात आधी हे बोल वाजतात, मग कडी.

आम्ही बहुरूपी. आजा शंकर-पार्वतीचं सोंग घ्यायचा, अर्धं अंग निळं, अर्धं पिवळं. चुलता वाघ व्हायचा. आबांनी फौजदार निवडला. खाकी कोट, कमरेला रुंद पट्टा, काखेत रूळ आणि तोंडावर असा करडा राग की कुत्री भुंकायचं विसरायची. ते दारोदार जाऊन माणसांना अटक करायचे आणि माणसं हसत हसत पसाभर जोंधळे देऊन सुटायची. आमचं घर बारा महिने असल्या जामिनावर चाललं.

या धंद्यात आबांनी दोन नेम पाळले. पहिला, आळ घेतल्याशिवाय कुणाला धरायचं नाही. मांजरीवर घ्या, जात्यावर घ्या, पण आळ पाहिजे. नुसतं 'चल' म्हणणाऱ्याला कोण भिणार आणि कोण हसणार? दुसरा नेम, बाजारात दुसरा सोंगाडी भेटला तर त्याचं सोंग चारचौघांत मोडायचं नाही. त्यानं धरलं तर धरून घ्यायचं, मारलं तर मरून पडायचं, आणि आडोशाला गेल्यावर मग रामराम करून बिडी पुढे करायची.

हे दोन्ही नेम आबांनी मोहोरगावच्या एसटी स्टँडवर लावले आणि आम्ही चौकीत जाऊन पडलो.

मोहोरगावला आम्ही आलो होतो ते माझ्यापायी. मला वकिलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण कच्चा. जातीचा दाखला पडताळून आणा, नाहीतर नाव कमी करतो, असं कॉलेजानं कळवलं होतं. पडताळणी समिती मोहोरगावलाच, जिल्ह्याच्या गावी बसायची. एकदा आम्ही तिच्यापुढे जाऊन आलो होतो. दाखल्यासाठी एकसष्ट सालाआधीचा रहिवास लागतो; तेव्हा तुमचे वडील कुठे राहायचे, असं त्यांनी आबांना विचारलं. आबा म्हणाले, पालात. पालाचा घरनंबर काय? आबांनी सांगितलं की पालाला नंबर नसतो. पाल उचललं की नंबर कुणाच्या डोक्यावर ठेवायचा? मग अध्यक्षबाई म्हणाल्या, बरं, जातीचा परंपरागत धंदा करून दाखवा. आबांनी तिथल्या तिथे, अंगातल्या बंडीवर फौजदार उभा केला. छताच्या पंख्यावर वारा चोरल्याचा आळ घेतला. शिपाई हसला, कारकून हसला, अध्यक्षबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या की फारच छान, पण जो माणूस इतकं हुबेहूब सोंग घेतो तो बहुरूप्याचंही सोंग घेऊ शकतो, त्याचं काय करायचं?

पुढची तारीख पडली. ती शेवटची, असं बाईंनी बजावून सांगितलं. अकरा वाजता हजर राहा, पुरावा आणा, नाहीतर अर्ज निकाली.

पुरावा आमच्याकडे नव्हताच. म्हणून आबांनी निदान माणूस तरी खरा न्यायचा असं ठरवलं. मामाचा पांढरा शर्ट मागून आणला, तांब्यात विस्तव घालून त्याला इस्त्री केली. शेजारच्या गुरुजींची चामड्याची बॅग घेतली आणि रिकामी बॅग बरी दिसत नाही म्हणून आईनं तीत भाकरी भरल्या. जन्मात पहिल्यांदा माझा बाप नुसता माझा बाप होऊन घराबाहेर पडला.

स्टँडवर उतरलो तेव्हा वेळ हातात होता. आबा आधी भिंतीला पाठ लावून उभे राहिले, मग खाली वाकून बघत एका बाकावर टेकले. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात समितीपुढचं भाषण घोळत होते. आणि समोरून तो आला. खाकी कपडे, पोटावर ताणलेली बटणं, टोपी जराशी कलती. आबांनी सवयीनं मला मागे घेतलं आणि स्वतः पुढे सरकले. तो आमच्यापुढे थांबला, आबांना खालीवर बघितलं आणि म्हणाला, "ए, उठ. चल चौकीवर."

आबांचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचं माणूस भेटलं. त्यांनी त्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं, जसा सोनार दुसऱ्या सोनाराचं काम न्याहाळतो. मग माझ्याकडे झुकून आमच्या घरच्या बोलीत हळूच म्हणाले की बूट झकास मिळवलेत, पण पोट जरा जास्तच बांधलंय. मी त्याच बोलीत पुटपुटले, आबा, हा खरा आहे.

"खुळी का काय तू," आबा म्हणाले. "खऱ्या मानसाचं पोट टोपीच्या म्होरं येतंय व्हय?"

हवालदारानं पुन्हा म्हटलं, उठ. आबा त्याच्याकडे बघत वाट पाहत राहिले. पुढची ओळ येईना. मग त्यांना त्याची कीव आली. मला म्हणाले, नवा दिसतोय, पाठांतर न्हाय. धरायला आलाय आन् आळच घेत न्हाय. आणि धंदेवाल्यानं धंदेवाल्याला विचारावं तसं अगदी हलक्या आवाजात त्यालाच विचारलं, "पाल कुठं टाकलंय?"

एवढं ऐकलं मात्र, हवालदाराचे डोळे चमकले. पालाची भाषा करतोय म्हणजे आपला अंदाज अचूक, असं त्याच्या कपाळावर लिहिलेलं मला दिसलं. त्यानं आबांचं मनगट धरलं. आबांनी लगेच दुसरंही पुढे केलं. मी बाही ओढत होते, तर मलाच डोळ्यांनी दटावलं. सोंग मोडू नकोस. त्यावर त्याचं पोट आहे बाई.

मग आबा त्याला सांभाळून घ्यायला लागले. बिचाऱ्याला बोल येत नाहीत, तर आपण तरी भर घालावी. स्टँडभर ऐकू जाईल असा गळा काढून ते म्हणाले की मायबाप सरकार, मला न्या, पण माझी मांजर घरी एकटी आहे, तिनं साय खाल्ली असंल तर तिला माफी करा. लोक जमले. भेळवाल्यानं हात थांबवला, एक कंडक्टर गाडीतून अर्धा बाहेर आला. हवालदार लाल झाला आणि ओढू लागला. आबा त्याच्या ओढण्याला ताल देत, गुडघे मोडत, लटपटत चालू लागले. पोरं-बायका हसून बेजार. गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, कनवटीचं नाणं काढलं आणि हवालदाराच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "लई ग्वाड काम करतोस रं लेकरा. पोटाला खा."

हवालदार नाण्याकडे बघत राहिला. त्या क्षणी तो खरोखरच कसलेल्या बहुरूप्यासारखा दिसला, हे मला आजही कबूल करावं लागेल.

चौकी स्टँडच्या कोपऱ्यातच होती. आबा उंबऱ्याशी थबकले. आत टेबल, भिंतीवर फळा, कोपऱ्यात गजांची कोठडी. दुसऱ्याच्या फडाचं सामान बघावं तसं त्यांनी सगळं कौतुकानं बघितलं. पुढे होऊन एका गजाला हात लावला. गज लोखंडाचा होता आणि गार होता.

"मथे," आबा म्हणाले, "ह्ये तर खरंच हाय."

मी म्हटलं, तेच तर मघापासून सांगते आहे.

त्यांनी हात मागे घेतला. मग माझ्या देखत त्यांच्या अंगावरून काहीतरी उतरत गेलं. इतकी वर्षं त्यांच्या खांद्यांत, मानेत, मिशीत मुरलेला तो फौजदार एकेक बटण सोडत निघून गेला आणि मागे मामाच्या लांब बाह्यांच्या शर्टात एक वाळका माणूस उरला. भिंतीशी बाकडं होतं. ते खाली फरशीवर बसले. आबा, बाकावर बसा, मी म्हणाले.

"न्हाय. हितंच बरं हाय."

तोवर मी घाबरले होते. ते खाली बसले तशी मी घाबरायची थांबले.

टेबलामागे फौजदार आरगडे होते. वयानं कोवळे, बोलायला सभ्य. चहात बिस्कीट बुडवत होते. मी त्यांना सांगितलं की आमची अकराला सुनावणी आहे, आम्हाला सोडा, आणि सोडत नसाल तर अटकेचं कारण सांगा. कारण सांगितल्याशिवाय कुणाला अटकेत ठेवता येत नाही, हे घटनेत लिहिलेलं आहे. कॉलेजात जेमतेम दोन महिने झाले होते. सगळ्या कायद्यातलं तेवढं एक कलम मला धड पाठ होतं, आणि ते मी देवीच्या गोंधळात म्हणावं तसं खड्या सुरात म्हटलं.

"अटक कुठे केलीय?" आरगडे म्हणाले. "चौकशी आहे ही."

"मग आम्ही जाऊ?"

"जाता येणार नाही."

"म्हणजे अटक."

"अटक म्हटलं का मी?"

"मग हे काय आहे, साहेब?"

त्यांनी बिस्कीट पुन्हा चहात बुडवलं. "तुम्ही बसलेल्या आहात."

"मी उभी आहे."

"मग बसा," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचं बिस्कीट तुटून चहात बुडालं.

त्यांनी ते चमच्यानं शोधता शोधता हवालदाराला विचारलं, "काय हो बोडखे, कारण काय यांचं?"

हवालदार बोडखे छाती काढून म्हणाले, बॅग. असल्या माणसाकडे असली भारी बॅग येते कुठून? बॅग टेबलावर उघडली. भाकरी निघाल्या, लसणाचा ठेचा निघाला. त्याचा वास चौकीभर पसरला आणि फौजदारांनी गरम चहाचा कप नकळत बाजूला सारला. बॅग गुरुजींची, असं मी सांगितलं. आत झाकणावर गुरुजींचं नाव होतं, गाव होतं, आणि हरवल्यास परत आणून देणाऱ्यास आगाऊ धन्यवादही होते.

मग बोडखे म्हणाले, काल स्टँडवर पाकीट मारलं गेलं. मी आजच्या सकाळच्या गाडीची तिकिटं पुढे केली.

मग ते म्हणाले, चाल. या माणसाची चाल साधी नाही, साहेब. मी लांबून बघितली. आरगड्यांनी विचारलं, साधी नाही म्हणजे कशी? बोडखे टेबलाजवळ सरकले. सांगावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर आलं.

"आपल्यासारखी, साहेब. पोलिसासारखी."

फौजदारांनी चमचा खाली ठेवला. पोलिसासारखं चालणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो, असं मी विचारलं. भिंतीवरचं घड्याळ अकराच्या दिशेनं निघालं होतं. बोडखे चिडले. म्हणाले, कलमं शिकवू नका, आम्हाला माणूस कळतो. शंभरात उभा केला तरी वेगळा काढीन. यांना बघताक्षणी ओळखलं, भटकी माणसं. बहुरूपी.

माझ्या डोक्यात त्या क्षणी असं काही लख्ख पेटलं की मला फरशीवर बसलेल्या आबांचीसुद्धा आठवण राहिली नाही. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "नक्की बहुरूपीच का हो, काका? नुसते वाटसरू असतील."

"अहो बाई, वीस वर्षं नोकरी झाली. बहुरूपी म्हणजे बहुरूपी."

"लिहून द्याल?"

"देतो की," बोडखे म्हणाले. "न द्यायला काय झालं?" त्यांनी कागद ओढला, पेन झटकलं, आणि 'मी लिहून देतो की' इथवर आलेही.

"बोडखे," फौजदार आरगडे हळू आवाजात म्हणाले, "पेन ठेवा."

बोडख्यांना कळेना. आरगड्यांना मात्र कळलं होतं. यांनी काय केलं, या रकान्यात 'बहुरूपी आहेत' असं लिहिलं गेलं की तो कागद कुठे कुठे फिरेल आणि शेवटी कुणाच्या टेबलावर येऊन बसेल, हे त्यांना त्या गार चहात दिसत असावं. ते उभे राहिले, हात जोडले, म्हणाले, गैरसमज झाला, तुम्ही जाऊ शकता.

मी बाकड्यावर बसले.

म्हटलं, आम्ही जाणार नाही. मघाशी आम्हाला उठू दिलं नाही, आता बसू द्या. आमची समिती म्हणते तुम्ही बहुरूपी वाटत नाही; तुमचे हवालदार म्हणतात लांबूनच वाटता. दोन्ही सरकारचीच माणसं. काय ते एकदा कागदावर होऊ द्या. आबांनी फरशीवरून मान वर केली. त्यांना सगळं समजलं नव्हतं, पण पोरगी सोंग रंगवते आहे एवढं कळलं. ते उठले, शर्ट झटकला आणि माझ्या शेजारी बाकड्यावर येऊन बसले.

पुढचा काही वेळ दोन पोलीस आम्हाला चौकीतून बाहेर काढायचा प्रयत्न करत होते. चहा पाजतो म्हणाले. आम्ही चहा घेतला आणि बसलो. रिक्षा करून देतो म्हणाले. बोडखे तर काकुळतीला येऊन आबांना म्हणाले की बाबा, तुमची मांजर वाट बघत असंल. शेवटी आरगड्यांनी तोडगा काढला. जीपनं समितीच्या दारात पोचवतो, उशीर का झाला ते हवालदार तोंडी सांगतील, पण कागद मागू नका. मी मनात म्हटलं, कागद नाही तर नाही, माणूस तर येतोय. निघताना त्यांनी बोडख्यांना बाजूला घेऊन दरडावलेलं मी ऐकलं: "सोडायचं आणि यायचं. पत्रा ठोकल्यासारखं तोंड बंद ठेवायचं."

जीपमध्ये बोडखे आणि आबा समोरासमोर बसले. मग आबांनी भाकरी काढली, मोडली, ठेचा लावून अर्धी पुढे केली. बोडख्यांनी घेतली. खाता खाता त्यांना राहवेना. म्हणाले, ते मांजरीचं काय म्हणत होता मघाशी? आबांनी धावत्या जीपमध्ये अख्खं सोंग म्हणून दाखवलं. बोडखे ठसका लागेस्तोवर हसले. डोळे पुसत म्हणाले, म्हणजे तुम्ही आधी आळ घेता?

"घ्यावाच लागतो, सायेब. त्याबिगर कोन येतंय बरोबर?"

बोडखे हसायचे थांबले आणि उरलेली भाकरी त्यांनी गुमान खाल्ली.

समितीचा शिपाई आम्हाला जीपमधून उतरताना बघून उभाच राहिला. अकरा वाजून गेले होते. आमचा पुकारा होऊन गेला होता आणि कारकून फायलीवर शेरा मारायला टेकला होता. मी धापा टाकत आत गेले. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. उशीर का, पुरावा काय, दोन्ही प्रश्न त्यांनी एकदम विचारले.

मी म्हटलं, "दोन्हींचं उत्तर एकच आहे, मॅडम. ते दारात उभे आहेत."

बोडखे जिन्याकडे सरकत होते. त्यांना आत बोलावलं. आपण फक्त सोडायला आलो, असं त्यांनी सांगून बघितलं. बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं की या समितीला कोर्टाचे अधिकार आहेत, आणि खुर्ची दाखवली, आणि शपथ दिली. एका कागदाच्या तुकड्याला भिऊन चौकीत जे टाळलं, ते आता कारकून शब्द न् शब्द उतरवून घेणार होता.

तुम्ही यांना ओळखता? बाईंनी विचारलं. बोडखे म्हणाले, नाही. आज सकाळपर्यंत कधी बघितलं नव्हतं. मग जीपनं का आणलं? सोडायला. कुठून? चौकीतून. चौकीत कशाला होते? बोडख्यांनी पत्रा ठोकला. मी उठले आणि म्हटलं, यांनी आम्हाला स्टँडवर बहुरूपी म्हणून ओळखलं, चौकीत तसं बोलले, ते यांनाच विचारा.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. म्हणाल्या, "हवालदार, आम्ही इथे अभ्यास केलेली माणसं बसलोय. समोर बसवून, प्रश्न विचारून आम्हाला सांगता येईना. तुम्ही म्हणे लांबून ओळखलंत. तुमची चूक झाली असेल."

दुसरं काहीही म्हटलं असतं तर बोडखे गप्प राहिले असते. पण चूक हा शब्द त्यांना लागला. ते खुर्चीत सरसावून बसले, आणि मग थांबेनात. म्हणाले, चूक कशी होईल, बाई? हा बाबा बाकावर टेकायच्या आधी खाली वाकून बघतो. पालात राहिलेला माणूस विंचू-किरडू बघितल्याशिवाय बसत नाही. गर्दीत उभा राहिला की पाठ भिंतीला लावतो. खाकी कापड दिसलं की आधी पोरीला मागं घेतो, मग स्वतः पुढं होतो. कानात बाळी आहे. दोघं आपसात एक बोली बोलतात, ती आपल्याला कळत नाही पण कानाला ओळखीची आहे. आणि चाल. असली राजासारखी, पोलिसासारखी, देवासारखी चाल बहुरूप्याच्याच अंगात असते, जन्मभर दुसऱ्याच्या चालीनं चालून चालून येते ती. शर्ट बदलला म्हणून लपते होय?

कारकुनाचं पेन पळत होतं. बाईसुद्धा स्वतः काहीतरी लिहीत होत्या. मी आबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. आपल्याला कुणी इतकं नीट बघितलं असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बाईंनी लिहिणं संपवलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "एवढं सगळं ओळखलंत, हवालदार. मग धरलंत कशासाठी?"

बोडखे दाराकडे बघू लागले. बॅग, असं पुटपुटले. मग, काल एक पाकीट, एवढं म्हणाले. दोन्ही शब्द टेबलापर्यंतही पोचले नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं, तर आबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि ते उभे राहिले. त्यांच्या आवाजात कुठलंच सोंग नव्हतं.

"सांगा सायेब," ते म्हणाले. "मलाबी ऐकायचंय."

बोडख्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते आबांकडे वळले. मग उत्तर दिलं तेही त्यांनाच, बाईंना नाही.

"तुम्ही काहीच केलं नव्हतं, बाबा. बहुरूपी दिसलात म्हणून धरलं. आजवर जेवढे धरले ते असेच धरले. कारण कधी कुणी विचारलंच नाही, म्हणून आम्हीही ते कधी ठेवलं नाही."